दंडात ज्याचा वाटा, त्याच्या हाती न्याय नको

(एका बुद्धविहारातील रविवारच्या सभेत केलेले भाषण)

वकील मनुष्य बोलावयास उभा राहिला म्हणजे तो घटनेची कलमे वाचून दाखवील, मूलभूत हक्कांची यादी सांगेल, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज तसे करणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर येणाऱ्या एका लहानशा संदेशापासून मी सुरुवात करणार आहे. तुमच्या वाहनाने अमुक दिवशी अमुक ठिकाणी नियम मोडला, सबब इतका दंड भरावा, असे त्यात लिहिलेले असते. ह्यालाच ई-चलन म्हणतात.

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. भाड्याचा माल वाहणारा एक टेम्पो, त्यावर पाच माणसांचा संसार. त्यांच्या नावावर चार चलने होती, आणि चारही अशा शहरातील की जेथे त्यांनी आपला टेम्पो कधी नेलाच नव्हता. मी छायाचित्रे उघडून पाहिली. छायाचित्रातील टेम्पो उघडा होता, ह्यांचा बंदिस्त. नंबरप्लेटवर चिखल होता व शेवटचा आकडा तीन होता. यंत्राने तो आठ वाचला होता. चूक इतकी उघड होती की लहान मुलानेही ती दाखविली असती. परंतु ह्या गृहस्थांनी त्यांतील दोन चलनांचे पैसे आधीच भरून टाकले होते. मी विचारले, "दादा, गाडी आपली नाही हे दिसत असता पैसे का भरले?" ते म्हणाले, "साहेब, माणूस खोटे बोलेल. यंत्र खोटे कसे बोलेल?"

उरलेली दोन चलने रद्द झाली, पण त्यासाठी त्यांचे तीन दिवसांचे भाडे बुडाले. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. रक्कम मोठी नव्हती. परंतु त्यांचे ते वाक्य मला अजून सोडीत नाही. एखाद्या शिपायाने रस्त्यात अडवून खोटा आरोप केला असता तर हा मनुष्य त्याच्याशी भांडला असता. यंत्राने आरोप करताच त्याने तो मान्य करून टाकला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वरून आलेला हुकूम मुकाट्याने मान्य करावयास लावले, आणि ज्यांनी ती सवय मोडण्याचा निश्चय करून नवे जीवन पत्करले, त्या आपण लोकांनी या नव्या हुकूमाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हाच आजचा माझा विषय आहे.

मला आज एकच सिद्धांत सांगावयाचा आहे. दंड ठरविणाऱ्याचा किंवा वसूल करणाऱ्याचा त्या दंडाच्या रकमेत स्वतःचा लाभ असेल, तर तेथे न्याय टिकत नाही. मग दंड ठरविणारा मनुष्य असो वा यंत्र असो. यंत्र आल्याने हा दोष नाहीसा होत नाही. तो फक्त दृष्टीआड होतो.

हा सिद्धांत आपणांस परका नाही. कोकणातून आलेल्या वडीलधाऱ्यांना खोत ठाऊक आहे. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची, आणि कुळांकडून वसूल करण्याचा अधिकारही खोताचाच. सरकारात भरावयाचे ते भरून जे वर उरेल ते त्याचे. अशा स्थितीत तो कुळावर दया का करील? कुळाने तक्रार करावी तर ती कोणाकडे? वसुली जितकी जास्त, तितका नफा जास्त. म्हणून साऱ्याबरोबर वेठही आली आणि जुलूमही आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. खोतांतही काही माणसे मनाने चांगली असतील. परंतु वसुलीचा मक्ता देण्याची पद्धतच अशी होती की चांगल्या मनुष्यालाही ती लोभी बनवीत असे.

न्यायालयांनी हा सिद्धांत फार पूर्वी ओळखला. इंग्लंडमध्ये १६१० साली डॉ. बोनहॅम यांचा खटला झाला. लंडनमधील वैद्यांच्या महाविद्यालयाने परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्यांना दंड केला व तुरुंगात घातले. अशा दंडाचा अर्धा भाग राजाकडे आणि अर्धा त्या महाविद्यालयाकडे जात असे. मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी सांगितले की, फिर्यादीही तेच, न्यायाधीशही तेच आणि दंडाचे वाटेकरीही तेच, हे चालावयाचे नाही. कोणीही स्वतःच्या कामात न्यायाधीश होऊ शकत नाही.

अमेरिकेत १९२७ साली ट्युमी नावाच्या इसमाचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले. ओहायो राज्यातील एका खेड्याच्या मेयरने त्याला दारू बाळगल्याबद्दल १०० डॉलर दंड केला होता. आरोपी दोषी ठरला तर खर्चापोटी मेयरला १२ डॉलर मिळत. निर्दोष सुटला तर काहीच मिळत नसे. शिवाय दंडाचा वाटा गावच्या तिजोरीतही जाई. मुख्य न्यायाधीश टॅफ्ट यांनी ही शिक्षा रद्द ठरविली. त्या १२ डॉलरांसाठी मेयर बेईमान झाला, असे न्यायालयाने म्हटले नाही. निकालात ज्याचा पैसा अडकला आहे अशा मनुष्यापुढे कोणाला उभे करणे हेच मुळी न्यायाच्या रीतीस सोडून आहे, असे न्यायालयाने म्हटले.

यावर कोणी म्हणेल, पैसा मेयरच्या खिशात जात होता म्हणून तसे झाले. गावच्या तिजोरीत गेला तर काय बिघडले? त्याचे उत्तर १९७२ साली मिळाले. त्याच ओहायो राज्यात मनरोव्हिल नावाचे खेडे आहे. तेथील मेयर वाहतुकीच्या गुन्ह्यांचे निकाल देत असे. त्याला स्वतःला त्यातून काही मिळत नव्हते. परंतु १९६४ साली गावच्या ४६,३५५ डॉलरांच्या उत्पन्नांपैकी २३,५८९ डॉलर अशा दंडांतून व फियांतून आले होते. निम्मे गाव दंडावर चाललेले, आणि गावच्या जमाखर्चाची जबाबदारी मेयरवर! सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तिजोरी भरण्याची काळजी ज्याच्या शिरावर आहे, तो मनुष्य निःपक्ष न्यायाधीश होऊ शकत नाही.

आपल्या देशातही हे तत्त्व मान्य आहे. आंध्रमधील बसवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या वादात परिवहन खात्याच्या योजनेवरील हरकती त्याच खात्याच्या सचिवाने ऐकल्या होत्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली तो हुकूम रद्द केला. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने सुनावणी घेणे न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आता हे तत्त्व विसरले म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही अमेरिकेतील आहेत. तेथील काळ्या लोकांची दुःखे आपल्या दुःखांशी किती जुळतात हे आपणांस सांगावयास नको.

मिझुरी राज्यात फर्ग्युसन नावाचे सुमारे २१,००० वस्तीचे शहर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा काळा तरुण ठार झाला आणि शहर पेटले. केंद्र सरकारच्या न्यायखात्याने चौकशी करून मार्च २०१५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून असे बाहेर आले की, शहराचे अधिकारी पोलिसांकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहत होते. अंदाजपत्रक करताना दंडाचे उत्पन्न किती वाढवावयाचे हे आधी ठरे, आणि मग पोलिसांनी तितकी चलने फाडावी अशी अपेक्षा केली जाई. लोकवस्तीत काळ्यांचे प्रमाण शेकडा ६७ होते. परंतु चलन झालेल्यांत ते शेकडा ९० आणि अटक झालेल्यांत शेकडा ९३ होते.

त्या अहवालात एका काळ्या बाईची हकीकत आहे. २००७ साली तिने आपली मोटार चुकीच्या जागी उभी केली. १५१ डॉलर दंड व त्यावर फी. ती गरीब होती, तिला राहावयास कायमचे घर नव्हते. तारखा चुकल्या, दंडावर दंड चढला, वॉरंट निघाले आणि सहा दिवस तिला तुरुंगात काढावे लागले. २०१४ च्या अखेरीपर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते, आणि तरीही तिच्याकडून ५४१ डॉलर येणे बाकी होते! बंधूंनो, सावकाराच्या वहीत आणि ह्या वहीत फरक तो काय राहिला?

फर्ग्युसनमध्ये चलने फाडणारी माणसे होती. मग कोणी म्हणेल, माणसाच्या मनात द्वेष असतो; माणसाला बाजूला सारून यंत्र बसविले म्हणजे न्याय होईल. यंत्राला जात नाही, रंग नाही, ओळखदेख नाही. हे म्हणणे वरवर फार सयुक्तिक वाटते. म्हणून दुसरे उदाहरण शिकागो शहराचे घेऊ.

शिकागोने २००३ पासून लाल दिवा ओलांडणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे घेणारे कॅमेरे चौकाचौकांत बसविले. ते बसविण्याचा व चालविण्याचा ठेका रेडफ्लेक्स नावाच्या कंपनीकडे होता. चलनामागे १०० डॉलर दंड. कॅमेऱ्यांची संख्या वाढत वाढत साडेतीनशेच्या वर गेली आणि पहिल्या दहा-अकरा वर्षांतच शहराला त्यातून ५० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. पुढे उघडकीस आले की, हा ठेका ज्याच्या देखरेखीखाली होता तो नगरपालिकेच्या वाहतूक खात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉन बिल्स कंपनीकडून लाच घेत होता. रोख रक्कम, सहली आणि इतर लाभ मिळून ती लाच २० लाख डॉलरांपर्यंत गेली होती. २०१६ साली त्याला दहा वर्षांची कैद झाली. कंपनीच्या अमेरिकेतील माजी प्रमुख बाईंनी गुन्हा कबूल केला व त्यांनाही तुरुंगवास झाला. २०१७ साली कंपनीने तडजोड म्हणून शहराला २ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

परंतु लाचेची गोष्ट मी बाजूला ठेवतो. लाच पकडली जाते, तिला शिक्षा होते. जे कोणत्याही लाचेशिवाय घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. चौकातील पिवळा दिवा किमान तीन सेकंद राहावा, असा दंडक होता. यंत्राच्या नोंदीत तो तीन सेकंदांहून थोडा कमी दिसला तर ते चलन पूर्वी रद्द होत असे. २०१४ च्या आरंभी ठेकेदार बदलला, आणि त्या सुमारास २.९ सेकंद नोंद असलेली चलनेही ग्राह्य धरण्यात येऊ लागली. हा बदल लोकांना कोणी सांगितला नाही. शहराच्या महानिरीक्षकाने त्याच वर्षी दाखवून दिले की, केवळ ह्या एक-दशांश सेकंदामुळे सुमारे ७७,००० जादा चलने निघाली आणि त्यांची रक्कम ७७ लाख डॉलर झाली. त्यानंतर जुना दंडक पुन्हा लागू करण्यात आला. एक-दशांश सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यास लागतो त्याहूनही कमी काळ. तेवढ्यात ७७ लाख डॉलर! यंत्राने येथे काहीही खोटे सांगितले नाही. त्याने २.९ हा आकडा खरा नोंदविला. त्या आकड्याचा अर्थ काय करावयाचा हे माणसांनी ठरविले, आणि ज्या अर्थाने शहराचे उत्पन्न वाढत होते तो अर्थ ठरविला.

दुसरी गोष्ट. चलन झालेल्या मनुष्याने उत्तर दिले नाही तर त्याला दोषी ठरविण्यापूर्वी दुसरी नोटीस पाठवावी, असे शहराच्याच नियमात होते. तशी नोटीस न पाठविताच लोकांना दोषी ठरविले, असा दावा लोकांनी दाखल केला. २०१७ साली शहराने ३ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड केली. ती सुमारे १२ लाख लोकांना लागू होती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१५ ते २०१९ या काळातील लक्षावधी चलने तपासून २०२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या भागांत काळ्यांची वा लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांची बहुसंख्या आहे, तेथील कुटुंबांना गोऱ्यांच्या भागांतील कुटुंबांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात चलने मिळत होती. यंत्राला तर रंग दिसत नाही. मग असे का व्हावे? याचे एक कारण रस्त्यांत सापडते. गरिबांच्या वस्त्यांतून रुंद, सरळ, मोठ्या महामार्गाजवळचे रस्ते गेलेले. पायी चालणाऱ्यांची सोय नाही, झाडे नाहीत, वेग आपोआप वाढतो. संपन्न वस्त्यांतील रस्ते अरुंद व रहदारीचे, तेथे वेग आपोआप कमी. ज्यांच्या वस्तीत रस्ता नीट बांधला नाही, त्यांनाच त्या रस्त्याबद्दल दंडही भरावा लागला. म्हणजे जुनी विषमता जमिनीवर जशी होती तशीच यंत्राने कागदावर उतरविली, आणि तिला निःपक्षपाताची मोहोर लागली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी वकिली केली असे होईल, विचार केला असे होणार नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांत दुचाकीवर कामास जाणारे आणि पायी चालणारे फार होते, म्हणजे मुख्यतः आपल्यासारखीच माणसे होती. वेगाला आळा घातला तर जीव वाचतात. शिवाय चौकात उभ्या असलेल्या मनुष्याच्या लहरीवर दंड ठरण्यापेक्षा, त्याच्याशी घासाघीस करून पावतीशिवाय पैसे देण्यापेक्षा, छायाचित्राचा पुरावा असलेला दंड केव्हाही बरा. आडनाव विचारून बोलण्याचा सूर बदलणारा मनुष्य आपण पाहिला आहे. कॅमेरा आडनाव विचारीत नाही. म्हणून मी यंत्राच्या विरुद्ध नाही. हेल्मेट घालू नका, सिग्नल तोडा, असे सांगावयास तर मी मुळीच आलो नाही. माझे म्हणणे इतकेच की, यंत्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा हक्क आरोपीला असलाच पाहिजे.

हा हक्क गेला म्हणजे काय होते ते ऑस्ट्रेलियाने दाखविले. तेथील सरकारने २०१६ पासून, बेकारी वगैरेंसाठी मदत घेणाऱ्या लोकांकडून जादा गेलेली रक्कम शोधण्याचे काम एका स्वयंचलित पद्धतीवर सोपविले. ती पद्धत मनुष्याची वर्षभराची कमाई घेऊन तिचे २६ पंधरवड्यांत समान भाग करी. आता विचार करा: ज्याला सहा महिने काम मिळाले व सहा महिने मिळाले नाही, त्याची कमाई समान कशी असेल? परंतु त्या हिशेबाने बेकारीच्या पंधरवड्यातही तो कमावता ठरे, आणि घेतलेली मदत परत कर, अशी नोटीस त्याला जाई. जुन्या पगारपावत्या आणून आपण देणेकरी नाही हे त्यानेच सिद्ध करावे! लक्षावधी गरीब लोक यात भरडले गेले. २०१९ च्या अखेरीस ही पद्धत कायद्याला धरून नाही हे सरकारला न्यायालयात मान्य करावे लागले, पुढे पैसे परत करावे लागले, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. सरकारला पैसे वाचवावयाचे होते आणि यंत्र ते वाचवून देत होते. म्हणून वर्षानुवर्षे कोणी थांबून हिशेब तपासला नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. दंडाच्या रकमा वाढल्या, आणि कलम १३६-अ घालून रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची तरतूद झाली. त्याखाली केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ केला. आपण तो लक्षपूर्वक ऐका. कारण तो केवळ दंड करणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेला नाही, आपल्या संरक्षणासाठीही लिहिलेला आहे. यंत्र बरोबर चालते असे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र पाहिजे व ते दरवर्षी नवे केले पाहिजे. कॅमेरा आहे अशी पाटी लोकांना दिसेल अशा ठिकाणी लावली पाहिजे. नियमभंग झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याची नोटीस गेली पाहिजे. चलनाबरोबर नंबरप्लेट दाखविणारे छायाचित्र, दिवस, वेळ, ठिकाण, यंत्राने घेतलेले मोजमाप आणि मोडलेल्या नियमाचे कलम ही सर्व माहिती दिली पाहिजे.

पुराव्याचा कायदाही आपल्या बाजूस आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा बजावले की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलेले नसेल तर त्यातील नोंदींच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यातही कलम ६३ मध्ये असे प्रमाणपत्र मागितले आहे. यंत्र बोलते म्हणून ते खरे, असे आपला कायदा कोठेही म्हणत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मी साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट. चलन आले की घाबरून लगेच पैसे भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. सरकारी संकेतस्थळावर जाऊन छायाचित्र पाहा. संदेशात आलेल्या अनोळखी दुव्यावर मात्र पैसे भरू नका. ई-चलनाच्या नावाने फसविणारे लोकही पुष्कळ आहेत. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे द्या.

दुसरी गोष्ट. गाडी आपली आहे काय, आकडे जुळतात काय, दिवस व ठिकाण खरे आहे काय, नोटीस वेळेत आली काय, हे तपासा. त्या दिवशी गाडी दुसरीकडे होती याचा काही कागद असेल, मालाची पावती, टोलची नोंद, गॅरेजचे बिल, तर तो जपून ठेवा.

तिसरी गोष्ट. चूक आपली असेल तर दंड भरा व पावती घ्या. चूक आपली नसेल तर लेखी हरकत घ्या. हरकतीची मुदत व रीत यांचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून चलनावर छापलेली मुदत वाचा आणि तिच्या आत हालचाल करा. पैसे भरणे म्हणजे बहुधा गुन्हा मान्य करणे होय, हे विसरू नका. लोकअदालतीत रक्कम कमी होत असेल, परंतु तेथे झालेल्या तडजोडीवर अपील नसते. जेथे मुळात गुन्हाच नाही, तेथे सवलतीच्या आशेने तडजोड का करावी?

चौथी गोष्ट. वकिलाला देण्यास पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. आपल्यापैकी काहींच्या मनात अशी भीती असते की, बौद्ध झालो म्हणजे हा हक्क गेला. तसे नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ बौद्धांनाही मिळाला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात ह्या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे जा, अर्ज द्या. ती भीक नव्हे, तो हक्क आहे.

हे झाले एकेकट्याने करावयाचे. परंतु एकट्याने चलन रद्द करून घेतल्याने पद्धत सुधारत नाही. त्यासाठी आपल्या संघटनांनी सरकारकडे काही मागण्या केल्या पाहिजेत. कॅमेऱ्याच्या ठेकेदाराला ठरीव मोबदला द्या. चलनांच्या संख्येवर किंवा वसुलीच्या रकमेवर त्याचा मोबदला ठरवू नका. तो करार लोकांना वाचावयास मिळू द्या. पोलीस खात्याला वसुलीचे उद्दिष्ट देऊ नका. हरकतींचा निर्णय दंड करणाऱ्या खात्याबाहेरील मनुष्याने द्यावा. कोणत्या वस्तीत किती कॅमेरे व किती चलने, हे प्रसिद्ध करा. आणि जेथे चलने फार तेथे आधी रस्ता तपासा. कॅमेऱ्याचा हेतू अपघात टाळणे हा असेल, तर चलने कमी होत जाणे हे त्याचे यश होय. उत्पन्न कमी झाले म्हणून जर कोणी हळहळत असेल, तर हेतू निराळा होता असे समजावे.

आणखी एक मागणी. हजार रुपयांचा दंड मोठ्या पगारदाराला हिशेबातही येत नाही. रोजंदारीच्या मनुष्याच्या घरी त्या दंडाने आठवड्याचा बाजार बुडतो. एकाच अपराधाची ही दोन निरनिराळ्या वजनांची शिक्षा झाली. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर अपराधांचा दंड मनुष्याच्या दैनिक उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो, आणि भरधाव मोटार हाकणाऱ्या धनिकांना तेथे हजारो युरो भरावे लागले आहेत. आपल्याकडे निदान हप्त्याने भरण्याची सोय तरी का नसावी? घटनेच्या चौदाव्या कलमातील समानता रकमेच्या आकड्यापाशी संपत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, शेवटी पुन्हा त्या टेम्पोवाल्या दादांकडे येतो. चलने रद्द झाल्याचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी विचारले, "साहेब, जे दोन भरले ते गेलेच का?" मी सांगितले की, ते परत मागण्यासाठी अर्ज करता येईल, पण रक्कम लहान आणि खटपट मोठी आहे. त्यांनी थोडा विचार केला व म्हणाले, "अर्ज लिहून द्या. मिळोत न मिळोत, मी कबूल केले नव्हते एवढे तरी कागदावर राहील."

तो अर्ज मी लिहून दिला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. परंतु यंत्र खोटे कसे बोलेल असे विचारणारा मनुष्य आता यंत्राला जाब विचारीत आहे. आपल्या प्रत्येक घरातून असा एक तरी मनुष्य उभा राहावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

जयभीम.